दारू सोडणाऱ्यांची ओसरी

दारू पिणाऱ्यांचे किस्से सगळ्यांकडे असतात. लग्नात, तेरवीला, गाडीची वाट बघताना, कुठंही चार माणसं जमली की कोणीतरी सुरू होतंच, "अरे, त्या अमक्यानं पिऊन काय केलं ऐकलंस का?" सोडणाऱ्यांचे किस्से मात्र कोणी सांगत नाही. लोकांना वाटतं, सोडली म्हणजे संपलं, त्यात आता सांगण्यासारखं काय उरलं? त्यांनी आमची सौंदडची ओसरी पाहिलेली नाही. शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात, सकाळी झाडल्या तरी संध्याकाळी पुन्हा मूठभर निघतात. हे किस्से आमच्याकडे तसेच साठत गेले, आणि झाडायचे म्हटले तरी माझ्यानं झाडवत नाहीत.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात मोडत होतो. घरची धानाची थोडी शेती होती, पण आमच्या ह्यांचा जीव शिवणकामात, म्हणून ओसरीवर मशीन मांडलेली. हे इतकं कमी बोलायचे की गिऱ्हाइकाला वाटावं, माप मनातल्या मनात घेतलं. माझं तोंड मात्र पहिल्यापासून चालू, तेव्हा दोघांचं मिळून बरोबर जमत होतं.

*

सुखदेव माझा पाठचा भाऊ. पोळ्याच्या सुमारास तो छोट्या लायनीच्या गाडीतून उतरला आणि थेट आमच्या ओसरीवर येऊन बसला. त्याची बायको कौसल्या लहानग्या शांतीला घेऊन माहेरी निघून गेली होती, दरेकशाच्या बाजूला. मी तिला दोष देत नाही. मी असते तर आधीच गेले असते.

तिचा बाप मनसाराम जंगलपट्टीतला शेतकरी, शब्दाचा कडक. त्यानं जावयाला तोंडावर सांगितलं होतं, "वरीसभर थेंब नाई घेतला तं पोरगी अना नात, दोघीलेबी धाडतो. घेतला तं त्या अठीच रायतील." बस, एवढंच. सुखदेवाला त्याच्या गावात राहून ते जमणार नव्हतं, म्हणून तो बहिणीकडे आला होता.

ते पहिले दिवस देवानं कोणा वैऱ्यालाही देऊ नयेत. अंग घामानं भिजायचं, अंगावर मुंग्या चढतात म्हणून तो हात झटकत राहायचा, पेजेचा वाडगा तोंडाशी नेईपर्यंत अर्धी पेज छातीवर. दिवे लागायची वेळ झाली की नजर रस्त्याकडे. ती त्याची भट्टीवर जायची वेळ.

एका संध्याकाळी ह्यांनी त्याच्या हातात सुई-दोरा दिला आणि म्हणाले, "ओव."

हात असा थरथरतोय आणि ह्यांना थट्टा सुचते! मी ह्यांना आत बोलावून भांडले. हे म्हणाले, "या वेळेला हात रिकामे नकोत." झालं, रोज दिवेलागणीला सुखदेव सुई घेऊन बसायचा. दोरा इकडून जाई, तिकडून जाई, भोक सोडून सगळीकडे जाई. जेवणाची वेळ होई, तोवर भट्टीची वेळ टळून गेलेली असे.

आणि एका संध्याकाळी दोरा आरपार गेला. सुखदेव सुई तशीच हवेत धरून बसला, जणू हलली तर निघून येईल. मी आतून मीठमोहऱ्या आणून ओवाळल्या. भावावरून ओवाळल्या की सुईवरून, ते मला अजून सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं एवढं खरं.

ह्यांनी सुईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आता काजं कर."

त्या साली सौंदडात ज्याच्या सदऱ्याची काजं वाकडी, ते आमचं गिऱ्हाईक.

*

जागोजी रेल्वेत गँगमन होता. पिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि शपथा घेण्यातही नव्हता. त्याची बायको पार्बता शेवटी त्याला गावच्या शिवेवरच्या मारोतीसमोर घेऊन गेली. आमच्याकडे त्या मारोतीची खोटी शपथ कोणी घेत नाही. जागोजीनं शेंदराला हात लावून सांगितलं, "या गावाच्या शिवेत दारूले हात लावनार नाई."

लोकांना नवल वाटलं, कारण गडी खरंच पाळायला लागला. गावात कोणी त्याला पिताना पाहीना. पण घरी यायचा तो झुलतच.

मग पार्बतानं शोध काढला. रूळ तपासायला जागोजी रोज शिवेच्या पलीकडे जायचा. तिथं शिवेच्या दगडाला लागून, पण अगदी पलीकडच्या अंगाला बसून, तो निवांत पीत होता. पायाचा अंगठासुद्धा आत येऊ देत नव्हता!

पार्बता भांडली नाही. घरी गेली, घोंगडं घेतलं, भाताचं डेचकं घेतलं आणि दगडापलीकडे नेऊन ठेवलं. म्हणाली, "शपत पारून रायले ना? मंग जेवाचं, झोपाचंबी तठीच."

सकाळी जागोजी दवानं भिजलेलं घोंगडं खांद्यावर टाकून आमच्या ओसरीवर आला. ह्यांना विचारू लागला, "भाऊ, घेतलेली शपत बदलता येते का जी?"

"मोठ्या मापाची घे," हे म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू केली.

तेव्हापासून दिवेलागणीला तो सुखदेवाशेजारी बसू लागला. मारोती न्हावीही पिणाराच, तो या दोघांना चिडवायला म्हणून यायचा. चिडवता चिडवता तोही राहिला.

*

आता जे सांगते त्यात हसण्यासारखं नाही, पण ते गाळलं तर बाकीचं खोटं होईल.

दिवाळी आणि तिच्यामागून भरणारी मंडईची जत्रा आटोपली होती. सुखदेवाचा चेहरा भरला होता, काजं सरळ येऊ लागली होती. ह्यांनी विश्वासानं त्याला गोंदियाला दोऱ्याची रिळं आणि बटणं आणायला पाठवलं. आम्हाला वाटलं, आता हा सुटला. त्यालाही तसंच वाटलं, आणि घोटाळा तिथंच झाला.

स्टेशनाबाहेर राइस मिलमधला जुना सोबती भेटला. "अरे सुखदेव भाई, एक घूँट से क्या होता है?" एका घोटानं काय होतं ते आम्ही रात्रीच्या गाडीनं उतरलेलं पाहिलं. रिळं होती, बटणं होती, फक्त सुखदेव शुद्धीवर नव्हता.

सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं. मला वाटलं, गेला भट्टीवर. जागोजी आणि मारोती गावभर शोधून आले. मी दिवसभर देवाला आणि भावाला आळीपाळीनं शिव्या दिल्या. दिवे लागता लागता तो परत आला, कपडे धुळीनं भरलेले. म्हणाला, दरेकशाला जाऊन आलो, सासऱ्याला, मामाजीला, सांगून आलो.

"काय सांगितलंस?"

"मी पेलो म्हनून."

मनसारामानं ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, वर्ष आजपासून पुन्हा सुरू. जावयाला पाण्याचा गडवाही पुढं केला नव्हता. शांती दाराआडून बघत होती, जवळ आली नाही. हे सगळं सुखदेवानं खाली बघत सांगितलं.

मी तापले. म्हटलं, "अरे, कायले सांगतलास? कोनाले मालूम होनार होतं?"

तो म्हणाला, "मले मालूम होतं ना, बाई."

मी आत निघून गेले. चूल फुंकायच्या निमित्तानं जितकं रडता येतं तितकं रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा ह्यांनी त्याच्या हातात सुई दिली होती.

*

त्या हिवाळ्यात तिघांना गोडाचं वेड लागलं. दारू सुटली की जीव गोड मागतो, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी मी चहा करायची, तो तिघं गुळाच्या खड्यासोबत प्यायचे. सुखदेव आणि मारोती ठीक, पण जागोजीचं काही खरं नव्हतं. ड्यूटीवर जाताना तो कोटाच्या खिशात गूळ घेऊन जायचा आणि दुपारी मुंग्यांसकट खायचा.

एक दिवस पार्बता तक्रार घेऊन आली. ढेप संपली, पाहुण्यांसाठी केलेले लाडू संपले, नातवासाठी ठेवलेली खारीकसुद्धा संपली.

मी म्हटलं, "अगं, पिण्यापेक्षा बरं ना!"

"बरं तं हाय व बाई," ती म्हणाली, "पन पेत होते तवा घरचं तं खात नोहते."

*

मारोती न्हाव्याचा म्हातारा बाप गेला. दहाव्याला पिंड ठेवले, कावळे भोवती जमले, पण एकही शिवेना. मारोतीनं हात जोडून सगळं कबूल केलं, बहिणीचं लग्न करतो, धाकट्याला सांभाळतो. कावळे नुसते बघत राहिले.

मग एक जाणता म्हणाला, गेलेल्याच्या आवडीचं ठेवलं नाही तुम्ही. म्हाताऱ्याच्या आवडीचं म्हणजे मोहाची दारू, हे अख्ख्या गावाला माहीत. दोन थेंब शिंपडावे लागणार होते.

प्रश्न असा की आणायची कोणी? मारोती म्हणाला, भट्टीवर गेलो तर मी परत येणार नाही. जागोजी म्हणाला, मी येईन, पण बाटली रिकामी येईल. सुखदेव तर दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. कावळे बसलेले, माणसं खोळंबलेली, आणि ही तीन धडधाकट माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

शेवटी मी उठले. पदर डोक्यावर घेतला, भरदिवसा भट्टीवर गेले, बाटली घेतली आणि पदराखाली धरून गावातून निघाले. हे तिघं माझ्या मागं, पण इतके लांब की वास पोचू नये. मी थांबले की तेही थांबायचे.

मारोतीनं नाक धरून दोन थेंब टाकले. कावळा झडप घालून पिंड घेऊन गेला. बाकीची बाटली मी नाल्यात ओतली, पण ते कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच की शिलाईवाल्याची बायको भट्टीवरून बाटली घेऊन चालली आहे, आणि मागून गावातले तीन नामी दारुडे आशेनं येतायत!

तिघांचा नेम राहिला, अब्रू माझी गेली. पुढं बरेच दिवस बाया मला बिचकून विहिरीवर आधी जागा करून द्यायच्या.

*

चैत्रात आमच्या भागात मोह गळतो. पहाटेपासून बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली, अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली. तो वास गोड असतो, पण सोडणाऱ्याच्या नाकाला तो सोसत नाही. सुखदेव तेव्हा तोंडाला उपरणं बांधून काजं करायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, दाढ दुखते.

त्या दिवसांत जागोजीचा एक बैल सुटला आणि भट्टीमागं टाकलेला सडका मोह पोटभर खाऊन आला. जागोजी त्याला शोधून घरी आणत होता. बैल झुलत होता, मध्येच बसत होता, मध्येच लोकांच्या कुंपणाला टेकून डोळे मिटत होता. दाव्याला धरलेला जागोजीही त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे ओढला जात होता. बघणाऱ्याला दोघांत प्यालेला कोणता ते कळणं कठीण. त्यात जागोजीची जुनी कीर्ती.

"फिसकटली वाटते रे जागोजीची," गाव म्हणालं. बातमी जागोजीच्या आधी घरी पोचली. पार्बता अंगणात कमरेवर हात ठेवून उभी.

जागोजीनं दावं खाली टाकलं आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत चालून दाखवलं, रुळावरून चालतात तसं. मग म्हणाला, "आता त्याले चालाले सांग."

पार्बता पुढं आली. बैलाचं तोंड हुंगलं. नवऱ्याचं तोंड हुंगलं. मग पुन्हा एकदा नवऱ्याचं हुंगलं, आणि तिथंच अंगणात बसून पदरात तोंड घालून रडली. हे तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "इतक्या वरसात पयल्यांदा वास बैलाचा आला, ह्यायच्या तोंडाचा नाई आला."

*

शेवटचा किस्सा मंडईचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे येतात आणि भरदुपारी मोकळ्या जागेत दंडार होते. नाच, गाणं, सोंगं, सगळी माणसं गावचीच. सौंदडात माझ्याकडे यायचा तेव्हा सुखदेव दारुड्याचं सोंग घ्यायचा आणि मारोती लुगडं नेसून त्याची बायको व्हायचा. पाच कोसांवरून माणसं ते बघायला येत. सुखदेव पडला की हसून लोळत. खरं म्हणजे तो पडदा म्हणून लावलेल्या चादरीमागं आधीच पिऊन आलेला असायचा, बोलणं विसरायचा, तोल जायचा आणि लोक म्हणायचे, वा, काय कला आहे.

वर्ष आता भरत आलं होतं, मोजके दिवस उरले होते. गेल्या मंडईला मी त्याला उभं राहू दिलं नव्हतं, पण या साली गाव मागं लागलं, सुखदेवाशिवाय दंडार नाही. मी म्हटलं, मुळीच नाही. पण त्याचाही जीव त्यात होता. मला म्हणाला, "बाई, दारूची याद नाई येत आता. ह्याची येते." मग मी त्याला अडवलं नाही.

आणि त्याच मंडईला मनसाराम आला. कौसल्या आणि शांती त्याच्यासोबत. आमच्या घरी उतरला नाही, गावात त्याचा चुलतभाऊ होता त्याच्याकडे उतरला. शब्द पुरा व्हायचा होता ना!

दुपारी दंडार उभी राहिली. चादरीमागं कोणी घोटभर आणलीच तर ती बाहेर काढायला जागोजी सिग्नलसारखा हात आडवा करून उभा. सोंगाच्या बाटलीत मी स्वतः कोरा चहा भरून दिला होता. मनसाराम पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेला, कौसल्या बायांत, शांती तिच्या मांडीवर.

ढोलकी वाजली, सुखदेव आत आला, आणि मला पहिल्या पावलालाच कळलं की काही खरं नाही. तो झुलत होता, पण ढोलकीच्या ठेक्यावर झुलत होता. बोलणं एक शब्द न चुकता, शाळेत कविता म्हणतात तसं स्पष्ट. पडायची वेळ आली तेव्हा त्यानं आधी खाली बघितलं, पायानं खडा बाजूला केला, धोतर सावरलं आणि मग बेतानं पडला.

लोक गप्प. मग कोणीतरी ओरडलं, "सुखदेवा, पायात काटा रुतला का रे?" हशा झाला, पण तो आधीचा हशा नव्हता. मारोती झाडू उगारून हळूच म्हणत होता, "नीट पड ना बे, मी मारू कायले?" सुखदेव उठून पुन्हा पडला. दुसऱ्यांदा तर आणखी सावकाश. "पाजा रे याले कोनी," मागून आवाज आला, आणि सगळी मंडई हसू लागली.

तेवढ्यात मनसाराम उठला. सोंग अर्धं असतानाच, कोणाकडे न बघता, लेकीला हातानं खूण करून निघून गेला. कौसल्या आणि शांती त्याच्या मागं. सुखदेवानं ते पाहिलं. उरलेलं सोंग त्यानं कसं पुरं केलं, त्यालाच माहीत.

घरी आला आणि ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. जागोजी आणि मारोती पायरीवर. चहा कोणी घेईना, गूळही कोणी घेईना. माझ्या मनात एकच, आता हा उठून गेला तर त्याला धरायचं कोणी? हे मशीनवर बसले होते, पण चाक फिरत नव्हतं.

दिवे लागायच्या आत मनसाराम आला. एकटाच ओसरी चढला, मांडी घालून बसला. मी पाणी दिलं, ते तो सगळं प्याला, गडवा खाली ठेवला.

"सुखदेवा," तो म्हणाला, "जलमभर मंडईच्या दंडारी पाहून रायलो. पन असा भिकार दारुड्या मी कोठीच पायलो नाई."

सुखदेवाची मान आणखी खाली गेली. "होय मामाजी. मले नाई जमलं."

"पुढच्या साली जमन का?"

सुखदेवानं मान वर केली. मग म्हणाला, "नाई वाटत जी."

मनसारामानं रस्त्याकडे तोंड केलं आणि हाक मारली, "कौसल्या, ये व अंदर. गठुडं उतरव."